दवंडी पिटणाऱ्या यंत्रांची कहाणी: ‘पिंग’ सेवा आणि स्पॅमचा महापूर

ऑक्टोबर २००५. इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा उल्लेख कुठे होतो, यावर डोळा ठेवून असणाऱ्या अमेरिकेतील काही नामांकित ब्लॉगलेखकांच्या शोधयाद्या एका शनिवार-रविवारी अचानक दुथडी भरून वाहू लागल्या. यादीत नाव त्यांचेच दिसत होते. मात्र उघडून पाहावे, तर आत कुठूनकुठून उचललेली, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेली वाक्ये आणि त्यांच्या मधोमध पेरलेल्या लिंका.

हे ब्लॉग माणसांनी लिहिलेले नव्हते. एका प्रोग्रामने ते हजारोंच्या संख्येने उभे केले होते, तेही गूगलच्या ‘ब्लॉगर’ या फुकट सेवेवर. त्या दोन दिवसांच्या साफसफाईत १३ हजारांहून अधिक बनावट ब्लॉग काढून टाकल्याचे ब्लॉगरच्या चालकांनी जाहीर केले. स्पॅमसाठी काढलेल्या ब्लॉगला तोवर ‘स्प्लॉग’ हे नाव रुळले होते. या स्फोटाला ‘स्प्लॉगस्प्लोजन’ म्हटले गेले.

हजारो बनावट ब्लॉग निर्माण होणे एक वेळ समजण्यासारखे आहे. यंत्राला लिहिण्याचा कंटाळा येत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. जन्माला येऊन काही मिनिटे झालेल्या, कोणीही न वाचलेल्या, कोणाच्याही ओळखीच्या नसलेल्या पानांची बातमी शोधसेवांपर्यंत इतक्या झटपट पोहोचली कशी?

उत्तर असे, की त्या पानांनी स्वतःच दवंडी पिटली होती. आणि दवंडी पिटण्याची ती सोय काही वर्षांपूर्वी अत्यंत सद्‌हेतूने उभारली गेली होती.

ही गोष्ट त्या सोयीची.

‘पिंग’ हा शब्द मूळचा पाण्याखालचा. पाणबुडी ध्वनिलहर सोडते, समोर काही असेल तर प्रतिध्वनी परत येतो. त्या आवाजावरून, डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी आपल्या एका छोट्या प्रोग्रामला ‘पिंग’ हे नाव दिले. दुसरा संगणक जागा आहे का, एवढेच तो विचारी. ब्लॉगच्या जगात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ थोडा सरकला. तिथे पिंग म्हणजे प्रश्न राहिला नाही. ती वर्दी झाली. ‘माझ्याकडे नवे काही आले आहे’ अशी वर्दी.

अशा वर्दीची गरज का पडली, हे समजण्यासाठी १९९०च्या दशकाच्या अखेरीस जावे लागते. ‘वेब्लॉग’ हा शब्द जॉर्न बार्जर यांनी १९९७ मध्ये वापरात आणला. पुढे त्याचेच ‘ब्लॉग’ झाले. (मराठीत त्याला ‘अनुदिनी’ असा सुरेख प्रतिशब्द घडवला गेला, पण बोलण्यात ब्लॉगच राहिला.) वर्तमानपत्र रोज सकाळी येते, मासिक महिन्याला येते. ब्लॉगला असे काही वेळापत्रक नव्हते. कोणी दिवसातून चारदा लिही, कोणी चार महिन्यांतून एकदा. वाचकाने करावे काय? रोज प्रत्येक दारावर जाऊन ‘काही नवीन?’ असे विचारत फिरावे?

माणसाने नाही, तर यंत्राने फिरावे, हा पहिला तोडगा होता. कॅलिफोर्नियातील डेव्ह वायनर हे सॉफ्टवेअरकार आणि स्वतः अगदी सुरुवातीच्या ब्लॉगलेखकांपैकी एक. त्यांच्या यूजरलँड या कंपनीने ‘वेब्लॉग्ज डॉट कॉम’ हे संकेतस्थळ सुरू केले. नोंदवलेल्या ब्लॉगांची पाने त्याचा संगणक ठराविक वेळाने वाची, पान बदललेले दिसले की त्या ब्लॉगचे नाव यादीत वर चढे. ब्लॉग शेकड्यांत होते तोवर हे निभले. पण शंभर दारे ठोठवावीत आणि त्यांतली पाच उघडावीत, हा हिशेब संख्या वाढताच आतबट्ट्याचा ठरतो. बहुतेक फेऱ्या फुकट जातात, आणि ज्यांची दारे ठोठावली जातात त्यांच्या सर्व्हरवरही भार पडतो.

ऑक्टोबर २००१ मध्ये वायनर यांनी हा हिशेब उलटा केला. संगणकाने दारोदार हिंडायचे नाही. ज्याच्याकडे नवे असेल त्यानेच येऊन सांगावे. त्यासाठी ठरवलेला संदेश इतका साधा होता की त्यात दोनच गोष्टी असत, ब्लॉगचे नाव आणि ब्लॉगचा पत्ता. ‘एक्सएमएल-आरपीसी’ नावाच्या पद्धतीने तो पाठवायचा. ही पद्धतही वायनर यांच्याच पुढाकाराने १९९८ मध्ये आकाराला आलेली. संदेश पोहोचला की सर्व्हर उत्तर देई. त्या उत्तराचा जो नमुना नियमावलीत दिला होता, त्यात एवढेच वाक्य होते: ‘पिंगबद्दल आभार.’

पिंग करणारा कोण, हे मात्र त्यात विचारलेले नव्हते. परवलीचा शब्द नाही, ओळखपत्र नाही, ब्लॉग खरोखर त्याच माणसाचा आहे याचा पुरावा नाही.

आज हे वाचताना भोळेपणाचे वाटते. पण ज्या काळात ते ठरले, त्या काळाकडे पाहायला हवे. ब्लॉग लिहिणारे एकमेकांना नावाने ओळखत होते. खोटी वर्दी देऊन कोणाला काही मिळण्यासारखे नव्हते. शिवाय सोपेपणातच त्या रचनेची ताकद होती. कोणत्याही ब्लॉग-सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी घातल्या की काम भागत असे, आणि म्हणूनच अल्पावधीत जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्या चार ओळी आल्या. लेखकाने ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबायचे. वर्दी आपोआप जाई.

जुन्या मराठी गावात दवंडी पाटलाच्या हुकुमाने पिटली जाई. हलगी कोणी वाजवायची, काय पुकारायचे, हे ठरलेले असे. वायनर यांनी केलेली रचना म्हणजे हलगी चावडीवर टांगून ठेवण्यासारखी होती. ज्याला सांगायचे आहे त्याने यावे, वाजवावे, जावे. ज्यांच्या हाती आजवर कधी हलगी आलीच नव्हती, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

कारण वेब्लॉग्ज डॉट कॉम आलेल्या वर्द्यांची यादी दडवून ठेवत नसे. नुकत्याच बदललेल्या ब्लॉगांची यंत्रांना वाचता येईल अशी एक फाइल, आणि पुढे फक्त गेल्या पाच मिनिटांतल्या बदलांची आणखी एक लहान फाइल, सर्वांना खुली होती. ती उतरवून घेऊन कोणीही त्यावर स्वतःची शोधसेवा उभारू शकत असे. नोव्हेंबर २००२ मध्ये डेव्हिड सिफ्री यांनी सुरू केलेली ‘टेक्नोराती’ ही अशा शोधसेवांपैकी सर्वांत गाजलेली. त्या काळी मोठ्या सर्च इंजिनाला एखाद्या आडवाटेच्या पानाची दखल घ्यायला कित्येक दिवस लागत. टेक्नोरातीवर मात्र काही मिनिटांपूर्वी लिहिलेला मजकूर सापडे.

यात पणाला काय लागले होते, ते इथे स्पष्ट व्हावे. लेखक कोणीही असो, प्रसिद्ध असो वा नवखा, त्याचे लेखन प्रकाशित होताच जगाच्या एका सामाईक यादीत त्याचे नाव इतरांच्या बरोबरीने लागे. संपादकाची मर्जी नाही, ओळख-पाळख नाही, कोणाची परवानगी नाही. वाचनाच्या इतिहासात इतकी सरळ समता क्वचितच दिसते. २००५-०६च्या सुमारास युनिकोडचा हात धरून मराठीत लिहू लागलेल्या अनेकांनीही ब्लॉगरच्याच फुकट ‘ब्लॉगस्पॉट’ पत्त्यांचा आसरा घेतला होता. ज्यांच्याकडे कोणीही लिंक दिलेली नाही अशा नवख्या लेखकांना जगाला आपले अस्तित्व कळवण्याचा पिंग हा सर्वांत सोपा मार्ग होता.

वर्दी घेणाऱ्या सेवा हळूहळू वाढल्या. ‘ब्लो डॉट जीएस’ आली, टेक्नोरातीने स्वतःचा पिंग सर्व्हर ठेवला, इतरांनीही ठेवले. मग प्रत्येकाला वेगळी वर्दी कुठवर द्यायची? २००४ मध्ये डुगल कॅम्पबेल आणि वर्डप्रेसचे मॅट मलनवेग यांनी ‘पिंग-ओ-मॅटिक’ सुरू केले. एक पिंग त्याला द्यायचा. तो पुढे सगळ्यांना पोहोचवी. वर्डप्रेसमध्ये त्याचा पत्ता आधीपासून भरूनच येऊ लागला, त्यामुळे वर्डप्रेस वापरणारे असंख्य लोक पिंग म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही रोज पिंग करू लागले.

इथवर सगळे छान चालले होते. बिघडले ते पैशाने.

त्याचे एक मूळ १९९८ मध्ये आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी ‘पेजरँक’ ही कल्पना मांडली: एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून लिंका येतात, यावर त्याचे महत्त्व ठरावे. लिंक म्हणजे जणू मत. आणि जिथे मत आहे तिथे बोगस मतदान आलेच. दुसरे मूळ जून २००३ मधले. गूगलने ‘अॅडसेन्स’ सुरू केले आणि लहानात लहान संकेतस्थळाच्या मालकालाही आपल्या पानावर गूगलच्या जाहिराती लावून प्रत्येक क्लिकमागे पैसे मिळवता येऊ लागले. प्रामाणिक लेखकाला यातून चार पैसे सुटले, हे खरे. पण पानावर जे लिहिले आहे त्याला काही अर्थ असलाच पाहिजे, अशी अट क्लिकला नसते.

या दोन्हींच्या जोडीला फुकट ब्लॉग आणि फुकट दवंडी मिळाली, की स्प्लॉगचा धंदा पूर्ण होतो. त्याची रीत अशी. ज्या शब्दांवर जाहिरातदार जास्त पैसे मोजतात ते शब्द निवडायचे. इतरांच्या ब्लॉगांच्या फीडमधून किंवा शोधाच्या निकालांतून त्या शब्दांभोवतीचा मजकूर उचलायचा. प्रोग्रामने फुकट ब्लॉग काढून त्यात तो ओतायचा. बाजूला जाहिराती लावायच्या, किंवा ज्या पानाला वर चढवायचे आहे त्याच्याकडे लिंका द्यायच्या. आणि मग शेवटची, सर्वांत स्वस्त पायरी: पिंग.

पिंग नसता तर यातला बराचसा खटाटोप वाया गेला असता. कोणीच लिंक न दिलेल्या पानापर्यंत सर्च इंजिनाचा फिरता प्रोग्राम पोहोचतच नाही, आणि पोहोचलाच तर उशिरा पोहोचतो. स्प्लॉगचे आयुष्य तर थोडके. पकडले जाण्यापूर्वी जे कमवायचे ते कमवायचे. अशा अल्पायुषी पानाला तत्काळ प्रसिद्धी हाच प्राणवायू, आणि पिंग सर्व्हर तोच फुकट वाटत होता. त्यातही स्प्लॉगचालकांना एक गोष्ट लवकरच उमगली: वर्दी देण्यासाठी खरोखर काही नवे लिहिलेच पाहिजे असे नाही, आणि एकदाच द्यावी असेही नाही. तासाला, मिनिटाला, वाटेल तितक्यांदा हलगी बडवता येते. या बनावट वर्द्यांना ‘स्पॅम’ आणि ‘पिंग’ यांच्या जोडातून ‘स्पिंग’ असे नाव पडले.

आणखी एक कडवट गंमत यात आहे. खुली यादी जशी वाचकाच्या उपयोगाची, तशीच ती मजकूर चोरणाऱ्याच्याही उपयोगाची. कुठे ताजे लेखन आले आहे, हे तिच्यात मिनिटामिनिटाला लिहिलेले. ज्या यादीमुळे नवख्या लेखकाचे लेखन वाचकापर्यंत जाई, त्याच यादीवरून ते कोणाच्या तरी स्प्लॉगमध्येही जाऊ शके.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या तिघांनी मिळून ‘नोफॉलो’ हा उपाय जाहीर केला होता. लिंकवर ही खूण असली की ती मत म्हणून मोजली जाणार नाही. ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांत लिंका टाकून जाणाऱ्यांना त्याने चाप लावला असे मानले, तरी स्वतःचेच घर बांधून त्यावर पाट्या लावणाऱ्याला तो कसा रोखणार? स्प्लॉगवरच्या लिंकांना नोफॉलो कोण लावणार होते?

२००५च्या उत्तरार्धात घटना एकमेकींच्या पाठोपाठ घडत गेल्या. ऑगस्टमध्ये ‘आइसरॉकेट’ या ब्लॉगशोधसेवेशी संबंधित उद्योजक मार्क क्यूबन यांनी ‘स्प्लॉग’ हा शब्द चर्चेत आणला. सप्टेंबरात गूगलने स्वतःची ब्लॉगशोधसेवा सुरू केली, म्हणजे ब्लॉगच्या मजकुराला आणखी एक मोठी बाजारपेठ मिळाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वायनर यांनी वेब्लॉग्ज डॉट कॉम विकून टाकले. घेणारी कंपनी होती ‘व्हेरिसाइन’, म्हणजे ‘डॉट कॉम’ पत्त्यांची मूळ नोंदवही सांभाळणारी कंपनी. किंमत २३ लाख डॉलर. (ब्लो डॉट जीएस त्याआधीच, जूनमध्ये, याहूकडे गेले होते.)

एका माणसाने हौसेने चालवलेल्या चावडीचा कारभार इतका वाढला होता, की तो कोण्या मोठ्या कंपनीच्या यंत्रसामग्रीवाचून झेपण्यासारखा राहिला नव्हता. पण त्या भारातला खरा भार किती आणि खोटा किती?

या प्रश्नाचे पहिले नेमके उत्तर एका विद्यापीठातून आले. बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठात प्रणाम कोलारी, टिम फिनिन आणि त्यांचे सहकारी ब्लॉगांचा अभ्यास करीत होते. खरा ब्लॉग आणि स्प्लॉग यांतला भेद शब्द, लिंका आणि पत्ते यांच्या आधारे ओळखणारा प्रोग्राम त्यांनी घडवला, आणि २००५च्या अखेरीस तो वेब्लॉग्ज डॉट कॉमवर येणाऱ्या पिंगांवर चालवून पाहिला. निष्कर्ष असा निघाला, की तिथे येणाऱ्या इंग्रजी ब्लॉगांच्या पिंगांपैकी सुमारे ७५ टक्के स्प्लॉगकडून येत होते.

चारांतली तीन दवंड्या खोट्या.

या अभ्यासातला एक तपशील मात्र आकड्यापेक्षाही बोलका आहे. संशोधकांनी पिंग कोणत्या वेळी येतात, तेही तपासले. इटालियन भाषेतल्या ब्लॉगांचे पिंग घेतले तर आलेखात स्पष्ट चढ-उतार दिसे. दिवसा चढ, रात्री उतार, पुन्हा सकाळ झाली की चढ. एक अख्खा देश झोपतो, उठतो, कामाला लागतो, हे त्या रेषेवरून वाचता येत होते. स्प्लॉगांच्या पिंगांत अशी लय नव्हती. खोटेपणा पकडायला मजकूर उघडण्याचीही गरज पडू नये, इतके ते उघड होते. जो कधीच झोपत नाही, तो माणूस कसा असेल?

आता इतिहासाच्या अभ्यासकाने थबकून पाहावे असा एक मुद्दा. एप्रिल २००७ मध्ये टेक्नोरातीच्या अहवालात सिफ्री यांनी लिहिले, की आपण सुमारे ७ कोटी ब्लॉगांवर लक्ष ठेवून आहोत. रोज सुमारे १ लाख २० हजार नवे ब्लॉग निघतात आणि त्यांत ३ ते ७ हजार स्प्लॉग असतात. म्हणजे शेकडा सहाच्याही आत. मग ७५ टक्क्यांचे काय झाले? दोघांपैकी एकजण चुकला?

तसे समजण्याचे कारण नाही. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. टेक्नोराती ब्लॉग मोजत होती, तेही स्वतःच्या गाळण्या लावून झाल्यावर. मेरीलँडचे संशोधक वर्द्या मोजत होते, त्याही गाळण्याआधीच्या. गावात वीस माणसे असावीत, त्यांतला एकच लबाड असावा, पण तो दिवसभर हलगी बडवत बसावा; मग चावडीवर ऐकू येणाऱ्या गोंगाटात त्याचाच वाटा मोठा असणार. याला टेक्नोरातीच्याच दुसऱ्या नोंदीचा आधार आहे. ऑक्टोबर २००६च्या अहवालात त्यांनी सांगितले होते, की येणाऱ्या पिंगांपैकी सुमारे ७० टक्के ठाऊक असलेल्या स्पॅमच्या ठिकाणांहून येतात आणि ते दारातूनच परतवले जातात. विद्यापीठ आणि कंपनी, दोघांच्या स्वतंत्र मापात मोठेसे अंतर नाही. आकडा वाचताना तो कशाचा आहे, हे आधी विचारावे लागते. इंटरनेटच्या इतिहासालाही ते चुकत नाही.

‘दारातून परतवले जातात’ हे वाक्य मात्र सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. वर्दी आली की ती खरी मानायची, या गृहीतावर पिंगची सगळी इमारत उभी होती. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मराठी शाळेत प्रत्येकाने ऐकलेली असते. तिथे खोटे ओरडणारा आणि शेवटी ज्याची हाक कोणी ऐकत नाही तो, मुलगा एकच असतो. इथे तसे घडले नाही. खोटे ओरडत होते स्प्लॉगचालक, आणि हाक ऐकेनाशी झाली ती खऱ्या, नव्या, अनोळखी लेखकाची. कारण दारावरच्या यंत्राला अनोळखी माणूस आणि लबाड माणूस लांबून सारखेच दिसत.

स्पॅमविरुद्धच्या उपायांनी ही दरी आणखी रुंद केली. ब्लॉगर सेवेने ऑगस्ट २००५ मध्ये वाचकांना संशयास्पद ब्लॉग दाखवून देण्यासाठी एक बटण दिले. वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची परीक्षा आली. ऑक्टोबर २००५ मध्येच मलनवेग यांच्या ‘ऑटोमॅटिक’ कंपनीने ‘अकिस्मेट’ आणले. ब्लॉगांखाली येणाऱ्या स्पॅम प्रतिक्रिया आणि दुसऱ्या ब्लॉगकडून येणाऱ्या बनावट सूचना ते गाळून काढी. गाळण्या उत्तरोत्तर कडक झाल्या, आणि गाळणी कडक झाली की तिच्यात दाणेही अडकतात.

त्याचा कळस ऑगस्ट २००८ मध्ये दिसला. ब्लॉगर सेवेवरचे अनेक प्रामाणिक ब्लॉग अचानक स्पॅम ठरून कुलूपबंद झाले. लोकांना आपल्याच लेखनात जाता येईना. चौकशीअंती गूगलच्या प्रोग्राममधील एका चुकीने हे घडल्याचे निष्पन्न झाले. चालकांनी जाहीर माफी मागितली, ब्लॉग परत उघडले, आणि त्या निवेदनाला शीर्षक दिले, ‘तुम्ही स्पॅम नाही.’ वर्षानुवर्षे कोणत्याही परवानगीशिवाय लिहिणाऱ्या माणसाला आपण माणूस असल्याचे प्रमाणपत्र असे कंपनीकडून मिळाले. सद्‌भावनेने लिहिलेले ते शीर्षक आज काहीसे विषण्ण करते.

दरम्यान चावडीवरची गर्दीच दुसरीकडे सरकू लागली होती. २००६ मध्ये ट्विटर सुरू झाले, फेसबुक सर्वांना खुले झाले. तिथे वर्दी द्यावी लागत नव्हती, कारण सगळे एकाच वाड्यात राहत होते आणि वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या किल्ल्या मालकाकडे होत्या. कोणाचे लेखन कोणाला दिसावे हेही मालकच ठरवी. टेक्नोरातीने २०१४ मध्ये ब्लॉगांची नोंद ठेवणे थांबवले. पिंगांच्या याद्या वाचून शोधसेवा उभारण्याचे दिवस तोवर सरले होते.

तंत्रज्ञांनी मधल्या काळात एक वेगळी वाट काढली होती, ती उल्लेखनीय आहे. २००९ मध्ये गूगलमधील ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी ‘पबसबहबबब’ अशा बोबड्या नावाची एक पद्धत मांडली. २०१८ मध्ये ‘वेबसब’ या सुटसुटीत नावाने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला मान्यता दिली. इथेही नव्या मजकुराची वर्दी जाते, पण ती चावडीवर जात नाही. ज्याने त्या लेखकाचे लेखन हवे म्हणून आधी नाव नोंदवले आहे, त्याच्याच घरी जाते. स्पॅम करणाऱ्याने अशी वर्दी लाख वेळा दिली, तरी ज्याच्या दारी कोणी नाव नोंदवलेले नाही त्याची वर्दी ऐकणार कोण? उपाय अचूक होता. मात्र पहिल्या रचनेतली एक गोष्ट त्यात उरली नाही: ज्याचे नाव कोणीच ऐकलेले नाही, त्याचा आवाज इथेही कोणाच्या कानी पडत नाही.

जुनी, ओळख न विचारणारी वर्दी एका कोपऱ्यात मात्र बराच काळ तग धरून होती. संकेतस्थळावरच्या सर्व पानांची यादी, म्हणजे ‘साइटमॅप’, बदलली की सर्च इंजिनाला एक साधा पिंग देण्याची सोय गूगलने २००५च्या सुमारासच केली होती. त्यालाही ना नाव लागे, ना पुरावा. जून २०२३ मध्ये गूगलने ती सोय बंद करीत असल्याचे जाहीर केले. कारण स्पष्ट शब्दांत दिले होते: अशा अनोळखी वर्द्यांपैकी बहुसंख्य वर्द्या स्पॅमकडे नेतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ने तोच निर्णय २०२२ मध्ये घेतला होता. बाल्टिमोरच्या संशोधकांनी काढलेला निष्कर्ष अठरा वर्षांनी, दुसऱ्याच दारावर, जवळपास त्याच शब्दांत पुन्हा लिहिला गेला.

बिंग आणि रशियातील ‘यांडेक्स’ यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलेली ‘इंडेक्सनाऊ’ ही नवी पद्धत पाहिली, तर वायनर यांच्या दोन ओळींच्या संदेशात नेमके काय कमी होते ते दिसते. वर्दी देणाऱ्याने आधी एक किल्ली तयार करून आपल्याच संकेतस्थळावर ठेवायची, आणि वर्दीसोबत तिचा उल्लेख करायचा. सर्च इंजिन तिथे जाऊन किल्ली जुळते का ते पाहते. जुळली, तर ‘हे घर खरोखर याचेच आहे’ एवढे सिद्ध होते. घरात आत काय चालते, ते अर्थातच किल्लीला सांगता येत नाही.

आणि पिंग-ओ-मॅटिक? वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये लेखनाच्या विभागात खाली ‘अपडेट सर्व्हिसेस’ असा एक लहानसा चौकोन आहे. नवे संकेतस्थळ कोणीही उघडले, की त्या चौकोनात एक पत्ता आधीच भरलेला दिसतो. तो पत्ता पिंग-ओ-मॅटिकचा असतो.